पन्नास लाखांच्या आतला मिस्त्री

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे आकडे जाहीर केले. देशाची अर्थव्यवस्था ८.२ टक्क्यांनी वाढली, बांधकाम क्षेत्र ७.२ टक्क्यांनी. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २१ नोव्हेंबरला, चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. पहिल्या बातमीवर टीव्हीवाल्यांनी संध्याकाळ रंगवली. दुसरीवर मोठ्या कामगार संघटनांनी निदर्शने केली, आणि ती करायलाच हवी होती. पण या संहितांमध्ये एक व्याख्या अशी बसलेली आहे की जिच्यावर वर्धा जिल्ह्यातल्या मिस्त्री, सेंट्रिंगवाले, फरशीवाले आणि रेजा-मजुरांचे पुढचे दिवस अवलंबून आहेत. तिच्याबद्दल आमच्याकडे मी कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. ना ठिय्यावर, ना ठेकेदारांत, ना मशिदीबाहेर जुम्म्यानंतर रंगणाऱ्या गप्पांत. म्हणून हे संपादकीय. त्या व्याख्येपर्यंत पोचण्याआधी आपल्या जिल्ह्यात बांधकामाचा धंदा चालतो कसा, हे पाहिले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात बांधकामाच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत आणि त्या एकमेकींना फारशा ओळखत नाहीत.

एक दुनिया नकाशावर दिसते. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. सिंदी (रेल्वे) इथे ड्राय पोर्टचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले होते. आता शक्तिपीठ महामार्ग येऊ घातला आहे. तो सुरू होणार आपल्या पवनारपासून आणि संपणार गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला. २४ जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत त्याच्या भूसंपादनासाठी सुमारे २० हजार कोटींची तरतूद मंजूर झाली. एकूण खर्चाचा अंदाज ८६ हजार कोटींचा. रस्त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि आखणी बदलण्याची भाषा सरकारच करते आहे, त्यामुळे तो कधी आणि कुठून जाईल हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही.

देशाच्या आकड्यांत जे ७.२ टक्के दिसतात, त्यात मोठा वाटा अशा कामांचा असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. सरकार रस्ते, रेल्वे, पूल बांधते म्हणून सिमेंट-लोखंडाचा खप वाढतो आणि खप वाढला की बांधकामाचा आकडा चढतो. यात खोटे काही नाही. पण समृद्धीचे काम चालू असताना आपल्या जिल्ह्यातल्या किती माणसांना त्यावर रोजी मिळाली, हे आठवून पाहा. यंत्रे बाहेरची, ऑपरेटर बाहेरचे, मजुरांच्या छावण्या परप्रांतीयांच्या. आपल्याकडून गेले ते मुरूम आणि गिट्टीचे टिप्पर, काही पाण्याचे टँकर आणि काही चौकीदार. मुरमावरून सेलू तालुक्यात एवढे वाद झाले की प्रकरण कोर्टापर्यंत पोचले. त्या छावण्यांतल्या मजुरांचेही काही भले झाले, असे समजू नका. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जण गेले. त्यातले बहुतेक आपल्या गावापासून शेकडो मैल दूर मेले.

दुसरी दुनिया नकाशावर दिसत नाही, गल्लीत दिसते. वर्ध्यात, हिंगणघाटात, पुलगावात, देवळीत कुणाचे दोन खोल्यांवर स्लॅब पडते आहे, कुणाचे न्हाणीघर होते आहे, कुणी मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवतो आहे. गावात घरकुल उभे राहते आहे. ही कामे दोन मिस्त्री, चार मजूर, एक सेंट्रिंगवाला, शेवटी फरशीवाला, पेंटर आणि गेट बसवणारा वेल्डर यांच्यावर होतात. करारनामा नाही, मस्टर नाही, हिशेब एका वहीत किंवा मालकाच्या डोक्यात. आपली माणसे याच दुनियेत आहेत. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले होते की मुस्लिम कामगारांत स्वतःच्या हाताच्या कसबावर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत ते कमी आहेत. वर्ध्यात फरशी, फॅब्रिकेशन, प्लंबिंग, रंगकाम यांत ते डोळ्यांनी दिसते. मात्र हा प्रश्न मुसलमानांचा एकट्याचा नाही. ठिय्यावर बेलदार उभा असतो, बौद्ध वस्तीतला मिस्त्री असतो, कोरडवाहू शेती सोडून आलेला कुणबी असतो, आणि डोक्यावर घमेले घेणारी रेजा तर सगळ्यांपेक्षा कमी रोजीवर उभी असते.

या दुसऱ्या दुनियेचा पैसा दिल्लीच्या भांडवली खर्चातून येत नाही. तो कापसातून येतो.

हे शहरातल्या वाचकाला जरा विचित्र वाटेल. पण वर्धा जिल्ह्यात कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, औंदा काम कसे आहे, तर तो आधी कापसाचा भाव सांगेल. दिवाळीनंतर कापूस बाजारात जातो, हिंगणघाटच्या बाजारात गाड्यांची रांग लागते, घरात पैसा येतो, आणि संक्रांतीपासून पावसाळा लागेपर्यंत पाया, विटा, स्लॅब यांचा हंगाम चालतो. शेतकऱ्याच्या घरचेच काम नव्हे, त्याच्याकडून उधारी वसूल होणाऱ्या किराणावाल्याचे, कृषी केंद्रवाल्याचे, तालुक्याच्या ठिकाणी प्लॉट घेऊन ठेवलेल्या मास्तरचेही काम त्याच ओघात निघते. २०२५ चे साल या हिशेबाने वाईट गेले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन आणि कापूस दोन्ही झोडपले. त्यातच केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, पण खुल्या बाजारात भाव त्याखालीच राहिला. सीसीआयला कापूस द्यायचा तर मोबाईलवर ॲपमध्ये नोंदणी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. ज्याला घाई होती त्याने पडेल भावाने विकला. म्हणजे देशाचा आकडा ८.२ टक्के असला तरी वर्ध्याच्या मिस्त्रीचा हंगाम त्याच वर्षी पातळ होणार होता, आणि झाला.

या दुनियेला दुसरा आधार घरकुलाचा. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात एकाच कार्यक्रमातून राज्यातल्या २० लाख घरकुलांना मंजुरीपत्रे दिली गेली. केंद्राचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, त्यावर राज्याने ५० हजारांची भर घातली. घरकुलवाल्याला पाच ब्रास रेती फुकट, असेही २०२५ च्या रेती धोरणात आले. कागदावर हे चांगले आहे आणि मी ते नाकारत नाही. गेल्या उन्हाळ्यात कित्येक गावांत एकाच वेळी दहा-दहा घरकुले निघाली आणि मिस्त्री मिळेना. पण घरकुलाचा पैसा हप्त्याने येतो. पायाचा हप्ता आला, भिंती उठल्या, पुढचा हप्ता अडकला, की मालक मिस्त्रीला सांगतो, भाऊ, पैसा खात्यात पडला की देतो. मालक खोटे बोलत नसतो. त्याच्याकडे खरेच नसतो. मग मिस्त्री मजुराला तेच सांगतो. फुकटच्या रेतीचेही तसेच. घाटावरून ती दारापर्यंत आणायचे भाडे फुकट नाही.

आता त्या व्याख्येकडे येतो.

१९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे केले. एकाने त्यांची नोंदणी आणि कल्याण मंडळ आणले, दुसऱ्याने बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर लावला. प्रत्यक्षात तो एक टक्का घेतला जातो. नगरपरिषद नकाशा मंजूर करताना तो वसूल करते, सरकारी कामात बिलातूनच कापला जातो. कल्पना साधी होती. बांधकाम मजूर आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे. त्याचा पीएफ कोण भरणार? म्हणून सगळ्या बांधकामांवर थोडे थोडे घ्यायचे, एका ठिकाणी जमा करायचे आणि मजूर कुठेही असला तरी त्याला तिथून द्यायचे. महाराष्ट्रात यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या कामगाराची तिथे नोंदणी होते. कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यूला दोन लाख, बाळंतपणाला, मुलांच्या शिक्षणाला मदत.

पैसा जमा झाला, खर्च झाला नाही. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला आणि कामगारांच्या नावे खर्च झाले जेमतेम ९,५०० कोटी. त्याआधीच्या सुनावण्यांत तर या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचे न्यायालयासमोर आले होते. त्यानंतर वाटप वाढले हे मान्य. महाराष्ट्रात पेट्या आणि भांड्यांचे संच वाटण्याची जी लाट आली, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

जुन्या कायद्यात एक सूट होती. कुणी स्वतःच्या राहण्यासाठी दहा लाखांपर्यंतचे घर बांधत असेल तर तो 'आस्थापने'त मोडत नव्हता, म्हणजे मालकावर उपकराचा बोजा नव्हता. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तीच गोष्ट. पण ही सूट मालकाला होती. 'बांधकाम' म्हणजे काय, या व्याख्येला ती लागू नव्हती. त्यामुळे छोट्या घरावर काम करणारा मिस्त्रीसुद्धा बांधकाम कामगारच राहत होता आणि त्याची नोंदणी होऊ शकत होती.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने दोन बदल केले आहेत. दहा लाखांचे पन्नास लाख केले. आणि ही सूट मालकाच्या व्याख्येतून उचलून थेट 'इमारत किंवा इतर बांधकाम' या शब्दांच्या व्याख्येत नेऊन ठेवली. शब्दशः वाचले तर दहापेक्षा कमी कामगारांचे काम, किंवा स्वतः राहण्यासाठीचे पन्नास लाखांपर्यंतचे घर, हे या कायद्याच्या दृष्टीने बांधकामच नाही. आणि बांधकाम कामगार म्हणजे 'बांधकामा'वर राबणारा. मग वर्षभर पंधरा-वीस लाखांच्या घरांवर राबणारा वर्ध्याचा मिस्त्री कोण?

मी वकील नाही. या वाचनाला उत्तर असू शकेल, आणि असावे अशी माझी इच्छा आहे. जुनी मंडळे चालू आहेत, नोंदण्या रद्द झालेल्या नाहीत, राज्याचे नियम अंतिम व्हायचे आहेत. पण नेमका हाच तर बोलण्याचा काळ आहे. नियम छापून आल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ते लिहिले जात असताना हरकत नोंदवणे स्वस्त पडते.

मुंबई-पुण्यात पन्नास लाखांत घर होत नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला ही मर्यादा किरकोळ वाटेल. वर्धा जिल्ह्यात स्वतःच्या प्लॉटवर हजार चौरस फुटांचे नीटनेटके घर पंधरा-वीस लाखांत उभे राहते. पन्नास लाखांच्या वरची घरे किती, ती कॉलन्यांमधून फिरून बोटांवर मोजता येतील. म्हणजे ही एक रेघ मोठ्या शहरात थोडे काही कापते आणि आमच्यासारख्या जिल्ह्यात जवळजवळ सगळे.

पैशाचा हिशेब करून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३०० रुपये मूळ किमतीची थैली आधी ३८४ ला पडत होती, आता ३५४ ला. हजार फुटांच्या घराला ढोबळमानाने ४०० थैल्या धरल्या तर मालकाचे १२ हजार वाचले. ठीक आहे, वाचावेत. आता अठरा लाखांच्या त्याच घरावरचा एक टक्का उपकर म्हणजे १८ हजार. दहा माणसे राबली असती तर जुन्या कायद्याप्रमाणे हे पैसे मजुरांच्या मंडळात जायला हवे होते, नव्यात जाणार नाहीत. छोट्या गावात ही वसुली आधीही कितपत होत होती, हा वेगळा विषय. पण निदान हक्क तरी लिहिलेला होता. शिवाय आता उपकराचे मोजमाप मालकाने स्वतःच करून भरायचे आहे. आपल्या उत्पन्नाचा खरा आकडा आपण स्वतःहून किती उत्साहाने सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नोंदणीच्या कामाला मी स्वतः बसतो, म्हणून नव्वद दिवसांच्या दाखल्याबद्दल थोडे सांगायला हवे. हा दाखला ठेकेदाराने द्यायचा, किंवा गावात ग्रामसेवकाने आणि शहरात पालिकेने. एका फरशीवाल्या चाचांची गोष्ट घ्या. वय पंचावन्न, तीस वर्षे तोंडावर फडके बांधून कटरची धूळ खाल्लेली, आता जिना चढताना दम लागतो. वर्षभरात वीस-बावीस घरांची फरशी बसवतात, कुठे चार दिवस, कुठे सात. नव्वद दिवस तर ते केव्हाच भरतात, पण कुणा एका मालकाकडे नाही. दाखला कोण देणार? ग्रामसेवक म्हणतो, माझ्यासमोर काम केले नाही, सही कशी करू. त्याचेही खोटे नाही, कारण बोगस दाखल्यांवरून चौकशी लागली की तो अडकतो. आणि चाचांच्याच मोहल्ल्यात ज्याने आयुष्यात थापी धरली नाही, त्याच्याकडे मात्र एजंटामार्फत काढलेले कार्ड आहे आणि घरात भांड्यांचा संच आहे. हे दुसऱ्या कुणाचे नाही, आपल्या आसपासचे चित्र आहे. पाचशे-हजार घेऊन कार्ड काढून देणाऱ्यांत आपलीही पोरे आहेत.

पेटी आणि भांड्यांनी नोंदणीचे केलेले नुकसान मोठे आहे. लोकांना वाटते कार्ड म्हणजे भांडी. एकदा मिळाली की नूतनीकरण कोण करतो! २०२५ मध्ये राज्याने साठी ओलांडलेल्या नोंदित कामगारांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरवले. दहा वर्षांच्या नोंदणीला वर्षाला सहा हजार, पंधरा वर्षांना नऊ, वीस वर्षांना बारा हजार. महिन्याचे पाचशे रुपये ही काही रक्कम नाही, हे कबूल. पण ती मिळायलाही दहा वर्षांची नोंद लागते, आणि चाचांसारख्या माणसाकडे आज नोंदणी केली तरी साठीपर्यंत पाचच वर्षे आहेत. ज्याचे वय आज चाळीस आहे त्याने याच हंगामात नाव घातले पाहिजे आणि दर वर्षी चालू ठेवले पाहिजे. नियम बदलले तरी आधीपासून रजिस्टरवर असलेल्याला खोडणे कठीण असते, नव्याला दाराबाहेर ठेवणे सोपे.

पुढच्या वर्षाबद्दल माझा अंदाज विचाराल तर काम राहील. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून डिसेंबर २०२५ पर्यंत रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, गृहकर्ज थोडे हलके झाले. मंजूर घरकुले अजून पूर्ण व्हायची आहेत. नागपूर पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे आणि तिथे कामाला खंड नाही. आपले कित्येक कारागीर रोज पहाटे गाडी धरून तिकडे जातातच. भीती आहे ती कामाची नाही, पैसे मिळण्याची. राज्यातल्या ठेकेदार संघटना सरकारकडे ८९ हजार कोटींची बिले थकल्याचा दावा करत आहेत. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली, तेव्हा त्याची पाणी योजनेची बिले थकल्याचे घरच्यांनी सांगितले. दावा अर्धा खरा धरला तरी त्याचा अर्थ समजून घ्या. मंत्रालयात अडकलेले बिल ठेकेदाराकडून पेटी ठेकेदाराकडे, तिथून मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीकडून रेजाकडे उतरत येते. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा कमी होतो आणि थोडा उशीर वाढतो. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईला ना बिल माहीत, ना मंत्रालय. तिला एवढेच कळते की तीन हप्त्यांची मजुरी राहिली आणि मिस्त्री फोन उचलत नाही.

आता थोडे घरातले बोलू.

आपण स्वतःही बांधकाम करतो. मशिदीचा दुसरा मजला, मदरशाच्या खोल्या, शादीखाना, कब्रस्तानची भिंत. चंदा गोळा होतो, कमिटी बसते, ठेका दिला जातो. दहाच्या वर माणसे राबतात. आणि हे कुणाच्या राहण्याचे खासगी घर नव्हे, म्हणून पन्नास लाखांची ती सूट इथे लागू होत नाही. उपकर लागतो. किती कमिट्यांनी तो भरला? किती कमिट्यांनी कामावरच्या मजुरांचे मस्टर ठेवले, मिनाराच्या पहाडावर चढणाऱ्याला पट्टा दिला? घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण बयानात ऐकतो आणि बहुतेक कमिट्या मजुरी वेळेवर देतातही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण मजुरी ही आजची झाली. उद्या तोच मजूर पहाडावरून पडला तर? मला ठाऊक असलेल्या एका खासगी कामावर स्लॅबच्या बल्ल्या सरकल्या आणि आमच्या ओळखीच्या एका सेंट्रिंगवाल्याचे कंबरडे मोडले. ठेकेदाराने दवाखान्याचे पहिले बिल भरले आणि नंतर ओळख दाखवली नाही. नोंदणी नव्हती, नाव कुठल्याच कागदावर नव्हते. शेवटी मोहल्ल्याने चंदा केला. चंदा करणारे भले लोक आहेत. पण त्या माणसाचा जो हक्क होता तो खैरातीवर निघाला, याचे मला आजही वाईट वाटते.

एक मशीद कमिटी आपल्या कामावरच्या प्रत्येक मजुराला सही-शिक्क्याचा दिवसांचा दाखला देऊ शकते, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. सहा महिन्यांच्या कामात त्याचे नव्वद दिवस सहज भरतात. खर्च शून्य. ठेका देतानाच कागदावर लिहायचे: मस्टर ठेवायचे, दाखला द्यायचा, उपकराचा एक टक्का वेगळा काढायचा. वर्ध्यात हे एका कमिटीने सुरू केले तर दुसऱ्या धर्मस्थळांच्या ट्रस्टांना आणि शाळा बांधणाऱ्या संस्थांना विचारायला आपल्याला तोंड राहील.

याच वर्ध्यात मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी खेड्यांच्या अर्थकारणाचे काम केले. १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते प्रमुख होते, आणि त्यांच्या लोकांनी शेकडो गावांत फिरून कोण काय काम करतो, त्याला काय मिळते, हे घरोघरी जाऊन लिहून घेतले. आज आपल्या शहरात किती फरशीवाले, किती वेल्डर, किती रेजा आहेत, त्यांतल्या किती जणांकडे चालू नोंदणी आहे, हे ना कामगार कार्यालय सांगू शकते ना आपण. एका मोहल्ल्याची यादी करायला चार पोरांना दोन रविवार लागतील. नाव, वय, काम, किती वर्षांपासून, गेल्या वर्षी किती घरांवर काम केले, पडझड झाली का, पैसे बुडाले का. आमच्या चळवळीच्या वर्ध्याच्या साथींनी ही यादी फेब्रुवारीत हाती घ्यावी, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि ती सर्व वस्त्यांत करावी, आपल्याच मोहल्ल्यात नव्हे. ती हाती असली की राज्याच्या कामगार विभागाकडे हरकत पाठवताना आपण भाषण पाठवणार नाही, आकडे पाठवू.

हरकत काय नोंदवायची तेही स्पष्ट असावे. कामगाराची नोंदणी आणि मालकाची सूट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. छोट्या घराच्या मालकाला उपकर माफ करायचा तर करा, पण त्या घरावर राबलेले दिवस कामगाराच्या नव्वद दिवसांत धरले जातील, असे नियमात लिहा. अनेक मालकांकडचे तुटक दिवस जोडण्याची सोय करा. आणि छोटी घरे वगळल्यामुळे मंडळात जी तूट येईल, ती महामार्गासारख्या मोठ्या कामांवरचा उपकर एकावरून दोन टक्के करून भरून काढा. कायद्यात तेवढी जागा आधीपासून आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) इथे कित्येक वर्षांच्या प्रशासकी कारभारानंतर निवडून आलेली माणसे बसली आहेत. ती मते मागायला आली तेव्हा रस्ते-नाल्या-दिवे यांवर बोलली. ज्या टेबलावर घराचा नकाशा मंजूर होतो, त्याच टेबलावर त्या घराच्या मिस्त्रीचे आणि मजुरांचे नाव लिहून घ्यायला आणि काम संपल्यावर पालिकेचा दिवसांचा दाखला द्यायला नव्या कायद्याची गरज नाही, एका ठरावाची आहे. पहिल्या दोन-तीन सभांत तो मांडला गेला तर याच उन्हाळ्यातल्या कामांपासून लागू करता येईल. ठरावाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे, ज्या सदस्याला हवा असेल त्याने मागून घ्यावा, पक्ष कोणताही असो.